संगणकीय एजंट आणि दोषनिवारणाची विद्या

निवासी शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेले आमचे अनेक विद्यार्थी पुढे कोल्हापूर, इचलकरंजी वा पुणे येथे संगणकाचे शिक्षण घेतात. त्यांचे पालक बहुधा शेतमजूर, यंत्रमाग कामगार किंवा फौंड्रीत राबणारे. मुलांना भेटावयास आले की अलीकडे ते एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, आता प्रोग्राम मशीनच लिहितंय म्हणत्यात. मग आमच्या पोरानं ह्ये शिकून काय करायचं?" प्रश्न साधा असला तरी त्यामागे कर्जाचा आणि आशेचा हिशोब असतो. म्हणून धीराचे चार शब्द बोलून तो मिटवू नये. वस्तुस्थिती समजून घेऊन त्याचे उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटते.

"यंत्र प्रोग्राम लिहिते" हे विधान फार ढोबळ आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्यातील एकच काम निवडले आहे. तयार प्रोग्राममध्ये आढळलेल्या दोषाची नोंद वाचून, तो दोष शोधून, दुरुस्ती करून देणारे यंत्र आज उपलब्ध आहे. त्यास कोडिंग एजंट म्हणतात. तो काय करतो, कोठे फसतो आणि त्याच्या येण्याने आपल्या मुलांच्या वाटेत काय बदलते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

तक्रारींची वही

कोणताही प्रोग्राम एकदा लिहून पूर्ण होत नाही. वापरणाऱ्यांच्या अडचणी पुढे येत जातात तसा तो दुरुस्त होत राहतो. या दुरुस्त्यांचा हिशोब ठेवण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली गिट नावाची व्यवस्था तयार केली. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, हे सारे गिटमध्ये राहते. प्रोग्रामचा मजकूर आणि त्याचा हा सगळा इतिहास मिळून जे भांडार होते त्यास रिपॉझिटरी म्हणतात. 2008 मध्ये सुरू झालेल्या गिटहबवर आज अशी अगणित भांडारे ठेवलेली आहेत.

प्रत्येक भांडारासोबत तक्रारींची एक वही असते. आपल्या वसतिगृहात "तिसऱ्या खोलीतील दिवा लागत नाही" अशी नोंद मुले वहीत करतात, तसाच हा प्रकार. अशा नोंदीला इश्यू म्हणतात. तिला क्रमांक मिळतो, तिच्याखाली चर्चा होते आणि काम झाले की ती बंद केली जाते. दुरुस्ती करणारा मूळ प्रोग्रामला थेट हात लावत नाही. तो स्वतःची वेगळी शाखा काढतो, तीत बदल करतो आणि "माझा हा बदल स्वीकारावा" असा प्रस्ताव ठेवतो. त्याचे नाव पुल रिक्वेस्ट. भांडाराची देखभाल करणारी व्यक्ती तो प्रस्ताव वाचते, चाचण्या चालवते आणि समाधान झाले तरच बदल मूळ प्रोग्राममध्ये मिसळते.

खुल्या प्रकल्पांत ही सारी देवघेव सर्वांसमोर चालते. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाच्या हिशोबाचे सॉफ्टवेअर याचे जवळचे उदाहरण होय. त्याचा सगळा कोड खुला आहे. त्यावर नोंदविलेल्या हजारो तक्रारी, त्यांवरची चर्चा व दुरुस्त्या कोल्हापूर जिल्ह्यातील कोणताही विद्यार्थी शुल्क न देता वाचू शकतो.

एजंट काम कसे करतो

एजंटच्या पोटात भाषा मॉडेल असते. मजकूर वाचून त्यापुढचा सुसंगत मजकूर रचणे, ही त्याची मूळ शक्ती. परंतु केवळ मॉडेलला हात नसतात. ते फाइल उघडू शकत नाही की प्रोग्राम चालवू शकत नाही. त्यास ही साधने जोडून दिली, आणि एका कृतीचा परिणाम पाहून पुढची कृती ठरविण्याची मुभा दिली, म्हणजे त्याचा एजंट होतो.

नोंद हाती आल्यावर त्याचा क्रम साधारणपणे असा असतो. प्रथम तो तक्रार वाचतो. भांडारातील फाइलींची यादी पाहतो. तक्रारीतील शब्द कोडमध्ये कोठे आले आहेत ते शोधतो आणि संशयित फाइल उघडून वाचतो. मग दोष पुन्हा घडवून पाहण्यासाठी तो एक लहानसा प्रोग्राम लिहितो. दोष डोळ्यांसमोर आला की संबंधित ओळी बदलतो आणि आधीपासून लिहून ठेवलेल्या चाचण्या चालवतो. चाचणी नापास झाली तर तिचा संदेश वाचून पुन्हा बदल करतो. हे चक्र कधी पाच वेळा, कधी पन्नास वेळा फिरते. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या की तो बदलाचे वर्णन लिहून पुल रिक्वेस्ट सादर करतो. मे 2025 मध्ये गिटहबने आपल्या कोपायलट एजंटकडे एखादी नोंद सहकाऱ्याकडे सोपवावी तशी सोपविण्याची सोय केली. एजंट वेगळ्या, बंदिस्त यंत्रणेत काम करून कच्चा प्रस्ताव तयार करतो. तो तपासून मान्यता देण्याचे काम माणसाकडेच ठेवलेले आहे.

ही बंदिस्ती आवश्यक आहे. खुल्या प्रकल्पाच्या वहीत जगातील कोणीही नोंद करू शकतो. एखाद्या खोडसाळ माणसाने तक्रारीच्या मजकुरातच "सर्व पासवर्ड अमुक ठिकाणी पाठव" अशी सूचना दडवली, तर एजंट तिलाही कामाचाच भाग समजण्याचा धोका असतो. म्हणून त्याच्या हाती किल्ल्या द्यावयाच्या नाहीत, आणि मूळ शाखेत परस्पर बदल मिसळण्याचा अधिकारही द्यावयाचा नाही, हा जाणत्यांचा दंडक आहे.

प्रगतीचे मोजमाप

अशा एजंटांची पात्रता मोजण्यासाठी प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी ऑक्टोबर 2023 मध्ये एसडब्ल्यूई-बेंच नावाची परीक्षा मांडली. पायथन भाषेतील 12 प्रसिद्ध खुल्या प्रकल्पांमधून, पूर्वी माणसांनी सोडवलेल्या 2,294 खऱ्या नोंदी तीत घेतल्या. यंत्रास दुरुस्तीपूर्वीचा कोड आणि तक्रार द्यावयाची. माणसाने केलेली दुरुस्ती लपवून ठेवावयाची. आणि त्या वेळी माणसांनी लिहिलेल्या चाचण्या यंत्राचे उत्तर उत्तीर्ण होते का, ते पाहावयाचे, अशी ही पद्धत. त्या पहिल्या परीक्षेत सर्वांत चांगल्या मॉडेलला दोन टक्केही नोंदी सोडवता आल्या नाहीत. आकडा होता 1.96.

पुढील वर्षी मॉडेलला साधने जोडून एजंट बनविण्याची रीत सुधारली आणि प्रिन्स्टनच्याच एसडब्ल्यूई-एजंटने सुमारे साडेबारा टक्के मजल मारली. मूळ परीक्षेतील काही तक्रारी अपुऱ्या होत्या व काही चाचण्या अन्याय्य होत्या, असे लक्षात आल्यावर ऑगस्ट 2024 मध्ये माणसांनी तपासून निवडलेल्या 500 नोंदींचा वेगळा संच प्रसिद्ध झाला. 2025 च्या मध्यास त्या संचावर अग्रगण्य एजंट सत्तर टक्क्यांच्या वर पोहोचले होते. दोन वर्षांतील ही झेप लहान नव्हे. जे पालक चिंता व्यक्त करतात त्यांची चिंता निराधार नाही, हे आपण प्रथम मान्य केले पाहिजे.

मात्र आणखी एक आकडा याच्या शेजारी ठेवावा लागतो. मीटर या संशोधन संस्थेने जुलै 2025 मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वतःच्या परिचयाच्या खुल्या प्रकल्पांवर काम करणारे 16 अनुभवी प्रोग्रामर आणि 246 खरी कामे त्यात होती. काही कामांत त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरू दिली, काहींत दिली नाहीत. साधने वापरलेल्या कामांस सरासरी 19 टक्के अधिक वेळ लागला. विशेष म्हणजे, आपले काम 20 टक्के लवकर झाले, असे त्या प्रोग्रामरांचे नंतरचे मत होते. साधने त्यानंतर सुधारली आहेत. तरीही भरभर काहीतरी होत असल्याचे समाधान आणि काम खरोखर पूर्ण होणे यांत अंतर असते, ही गोष्ट या प्रयोगाने दाखवून दिली.

आचार्य आणि आचारी

हे अंतर कोठे पडते, ते मराठीतील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'आचार्यांचे' आणि 'आचाऱ्यांचे' हे दोन शब्द पाहा. पहिल्यात 'या'च्या डोक्यावर रफार आहे. तो शब्द गुरुजनांचा. दुसऱ्यात 'या'च्या डावीकडे आडवा, पापणीसारखा र आहे. तो शब्द स्वयंपाक करणाऱ्यांचा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे सह्याद्रीतील खोल खोरी, हाही तसाच भेद. मराठी वाचकास तो शिकवावा लागत नाही.

संगणकात हा पापणीसारखा र दोन रीतींनी साठविला जातो. एका रीतीत 'ऱ' या स्वतंत्र वर्णाचा संकेतांक, हलन्त आणि 'य' असा क्रम असतो. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा 'र', हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य जोडचिन्ह आणि मग 'य' येतो. युनिकोडमध्ये दोन्ही रीती ग्राह्य आहेत आणि पडद्यावर त्या सारख्याच दिसतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या दोहोंना एक करत नाही.

आता उदाहरणादाखल असे समजू की एका वसतिगृहाच्या हिशोबाच्या प्रोग्रामवर पुढील तक्रार नोंदवली गेली : "लक्ष्मी हे नाव शोधले असता काही विद्यार्थिनी सापडत नाहीत." एजंट शोध घेतो. काही नावे दुसऱ्या फाइलींतून उचलून चिकटवलेली असल्याने त्यांत अदृश्य जोडचिन्हे शिरली आहेत, म्हणून शोध फसतो, हे तो अचूक हेरतो. उपाय म्हणून, साठविण्यापूर्वी प्रत्येक मजकुरातून ही जोडचिन्हे काढून टाकणारी एक ओळ तो लिहितो. लक्ष्मी सापडू लागते. सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. नोंद बंद करण्यास हरकत दिसत नाही.

पण ज्या जुन्या संगणकावर 'आचाऱ्यांचे वेतन' हे खाते दुसऱ्या रीतीने लिहिले गेले होते, तेथील जोडचिन्हही त्या ओळीने पुसले जाते. उरतो र, हलन्त आणि य, म्हणजे रफार. पुढच्या वेळी ते खाते जतन होते तेव्हा त्याचे नाव 'आचार्यांचे वेतन' झालेले असते. स्वयंपाकघरात पहाटे चार वाजता चूल पेटवणाऱ्या माणसांचा पगार आता गुरुजनांच्या नावावर दिसतो. कोणतीही चाचणी त्याबद्दल ओरडत नाही, कारण तशी चाचणी कोणी लिहिलेलीच नव्हती.

योग्य उपाय फार अवघड नाही. आधी दुसऱ्या रीतीचा पापणी-र पहिल्या रीतीत बदलून घ्यावयाचा आणि त्यानंतरच उरलेली जोडचिन्हे काढावयाची. सांगितले तर एजंट हे क्षणात करून देईल. सांगणारा मात्र असा हवा की, ज्याला आचारी आणि आचार्य यांतील फरक डोळ्याला टोचतो, आणि जो बदललेली ओळ वाचताना "ही ओळ आणखी कोणाकोणाला लागू होईल?" असे स्वतःस विचारतो.

गेजने न कळणारे

शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांत काम केलेल्या पालकांना हे लगेच उमगेल. लेथवरून उतरलेला जॉब गो-नो गो गेजने तपासला जातो. भोकाचा व्यास बरोबर आहे की नाही, एवढेच ते गेज सांगते. कास्टिंगच्या पोटात पोकळी राहिली असेल, तर गेजला ती कळत नाही. तेथे अनुभवी कारागिराचा हात, कान आणि वेगळी तपासणी लागते. प्रोग्रामची चाचणी हे असेच एक गेज आहे. ज्या प्रश्नासाठी ते घडवले त्याच प्रश्नाचे उत्तर ते देते. एजंटला गेज उत्तीर्ण होण्याचे ध्येय दिलेले असते आणि तो ते नेकीने गाठतो. कधीकधी तर चाचणीतील नेमक्या उदाहरणापुरतीच तो दुरुस्ती करतो.

म्हणून दोषनिवारणाच्या कामातील ओझे आता सरकले आहे. बदल टंकणे स्वस्त झाले. तक्रार नेमकी मांडणे, योग्य चाचणी सुचणे आणि प्रस्ताव जबाबदारीने वाचणे महाग झाले. न समजता एजंटकडून मिळालेला मजकूर पुढे ढकलणाऱ्यांमुळे हे ओझे आणखी वाढते. कर्ल या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा यंत्रलिखित, भासमान सुरक्षा-तक्रारींच्या लोंढ्याबद्दल जाहीरपणे नाराजी व्यक्त केली आहे. प्रत्येक खोटी तक्रार तपासण्यात कोणाचा तरी खरा दिवस खर्ची पडतो.

उघडे दार आणि आपली मुले

आमच्या दृष्टीने खरा काळजीचा मुद्दा याहून पुढचा आहे. कोल्हापूरने शिक्षणाच्या इतिहासात जे दिले त्यात वसतिगृहांचे स्थान फार वरचे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात 1901 साली मराठा बोर्डिंग उभे राहिले, 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले, आणि अशीच इतर समाजांची वसतिगृहेही झाली. शाळा गावात असून भागत नाही. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी मुलाला राहण्याची जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे त्यामागील शहाणपण होते.

खुल्या प्रकल्पांनी संगणकाच्या व्यवसायात काहीसे असेच दार उघडले होते. अनेक भांडारांत सोप्या तक्रारींवर 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे 'नवख्याने प्रथम घ्यावी अशी नोंद', अशी खूण केलेली असते. पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला कोणी गाव, जात, शिक्षणाचे माध्यम वा वडिलांचा व्यवसाय विचारत नाही. एखादी चुकलेली सूचना सुधारावी, मग एखादा लहान दोष काढावा, जाणत्या माणसाने दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त कराव्यात, असे करीत नवखा कारागीर तयार होतो. 2005 पासून चालणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमातून अनेक भारतीय विद्यार्थ्यांनी सिम्पाय या गणिती प्रकल्पावर असेच काम केले. हाच सिम्पाय एसडब्ल्यूई-बेंचमधील 12 प्रकल्पांपैकी एक आहे. ज्या नोंदींवर विद्यार्थी शिकत होते, त्या प्रकारच्या नोंदींवरच आता यंत्रांची परीक्षा घेतली जाते.

एजंटला सर्वांत सहज जमतात त्या याच लहान नोंदी. त्या सगळ्या त्याच्याकडे गेल्या तर दाराची पहिली पायरीच नाहीशी होईल. मग दहा वर्षांनी एजंटचे काम तपासणारे जाणते हात कोठून येणार? ज्यांच्या घरात संगणक आहे, ओळखीत इंजिनिअर आहेत, त्यांची मुले दुसऱ्या वाटेने वर पोहोचतील. वसतिगृहातील मुलास मात्र ती पायरीच हवी असते. जे प्रकल्प काही सोप्या नोंदी जाणीवपूर्वक नवख्यांसाठी राखून ठेवतील, ते या मुलांबरोबर स्वतःच्या उद्याचीही सोय करतील.

आम्ही काय शिकवावे

तेव्हा पालकांस आमचे उत्तर असे : मुलाने हे जरूर शिकावे, परंतु शिकण्याचा भर बदलावा. पहिली सवय तक्रार लिहिण्याची. "प्रोग्राम चालत नाही" ही तक्रार नव्हे. काय केले, काय व्हावयास हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी स्वच्छ मराठीत लिहिता आल्या की अर्धा दोष सापडतो. आणि एजंटलाही नेमके तेच लागते. दुसरी सवय, दुरुस्तीपूर्वी चाचणी लिहिण्याची. तिसरी, दुसऱ्याने वा यंत्राने केलेला बदल ओळ न् ओळ वाचून, प्रत्येक ओळ का आली ते मोठ्याने सांगण्याची. जी सांगता येत नाही ती स्वीकारावयाची नाही. चौथी, काही दोष एजंटला हात न लावू देता स्वतः सोडविण्याची. पोहण्याच्या तलावात उतरल्यावाचून जसे पोहणे येत नाही, तसे दोषाशी झटापट केल्यावाचून तो ओळखणारी नजर येत नाही.

आणि मराठीच्या बाबतीत तर आपल्या मुलांजवळ जन्मजात भांडवल आहे. शोध, वर्णक्रम, जोडाक्षरे, अंक, नावे यांत मराठीचे किती तरी दोष अद्याप कोणी नोंदवलेलेही नाहीत. ज्याला ते दिसतात त्यानेच ते लिहावयाचे आहेत.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांनी वर्षातून दोन रविवार शाळेच्या संगणक कक्षासाठी द्यावेत. व्याख्यान नको. चार-पाच मुलांना शेजारी बसवून एखाद्या खुल्या प्रकल्पातील एक खरी, लहान नोंद घ्यावी, ती आधी हाताने आणि मग एजंटकडून सोडवून पाहावी, आणि दोन्ही उत्तरांतील फरक मुलांकडूनच काढून घ्यावा. त्यातून जी पुल रिक्वेस्ट पाठवली जाईल, तिच्यावर त्या मुलाचे नाव असावे.